आप्पांच्या अँप्लिफायरला ऊन लागतं

“चुपचाप व्हयनं का ती घाबरी जास,” खाली अंगणात कुणीतरी अगदी हळू आवाजात सांगत होतं. “एकली ऱ्हायनी का मंग तिले आवाज लागस. मानूस नको, आवाज लागस.”

मी जिन्यावर उभी होते. सारंगखेड्याच्या बँकेच्या शाखेत माझी नेमणूक झाली होती आणि मी वरची खोली बघायला आले होते. वाटलं, घरात कुणी आजारी मुलगी आहे. मनात म्हटलं, बरं झालं, आपल्याला कुणाशी फार बोलावं लागणार नाही. मग बोलणाऱ्या माणसाने अंगणात उभ्या असलेल्या जुन्या गाडीच्या उघड्या डिकीत हात घातला आणि माझ्या पायाखालचा जिना थरथरला. खिडकीच्या काचा वाजायला लागल्या. डिकीमागे एक पांढरी घोडी कान टवकारून उभी होती. आवाज सुरू होताच तिने कान खाली सोडले, मान खाली घातली आणि निवांत कडबा खायला लागली.

ते माझे घरमालक. गाव त्यांना आप्पा म्हणायचं, मीही आप्पाच म्हणायला लागले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, तापीकाठची केळी-पपईची शेती भावाकडे सोपवून स्वतः या घोडीच्या मागे लागलेले. खोली मी घेतली. का घेतली ते मला आजही नीट सांगता येत नाही. कदाचित एवढ्या आवाजात मला कुणी काही विचारणार नाही, असं वाटलं असावं.

गावातला सगळ्यात मोठा आवाज आप्पांच्या गाडीचा होता, आणि सगळ्यात छोटा त्यांचा स्वतःचा. ते बोलायला लागले की समोरचा माणूस आपोआप वाकायचा. भाजीवाली वाकायची, सरपंच वाकायचे. मी नाशिकच्या इंग्रजी शाळेतली. आमच्या शाळेत मराठी बोललं की वर्गाबाहेर उभं करायचे, त्यामुळे मला न बोलण्याची चांगली सवय लागलेली. आजोळ धानोऱ्याचं, म्हणून अहिराणी सगळी कळायची, पण तोंडातून कधी निघाली नव्हती. आप्पा अहिराणीत पुटपुटायचे, मी पुस्तकी मराठीत पुटपुटायचे. आप्पांच्या पत्नी, माई, ओट्यावर वाती वळत आमच्याकडे बघत राहायच्या आणि शेवटी म्हणायच्या, “तुम्ही दोन्ही बोली ऱ्हायनात का नुसता ओठ हालाई ऱ्हायनात?”

आप्पांना मात्र माझं फार कौतुक. पाहुण्यांना माझी ओळख करून देताना ते सांगायचे, “मॅडम बोलत नही. म्हनीसन मॅडमनं म्हननं खरं ऱ्हास.” मी काहीच म्हटलेलं नसताना माझं म्हणणं खरं ठरवणारा तो एकमेव माणूस मला आयुष्यात भेटला.

आवाज मोजायचं त्यांचं माप म्हणजे स्टीलचा पेला. पेल्यात पाणी भरून तो गाडीच्या टपावर ठेवायचा. पाण्यावर नुसत्या रेषा उठल्या तर आवाज कमी. पाणी काठावरून सांडलं तर जास्त. मधोमध थेंब उडून परत पेल्यातच पडला की बरोबर. “आवाज कानले नही, छातीले लागाले जोयजे,” असं ते मला सांगत, आणि मी मान हलवत असे. छातीला तो लागतच असायचा, वेगळं कबूल करायची गरज नव्हती.

घोडी त्यांनी गावच्या जत्रेतूनच घेतली होती, शिंगरू असताना. दिसायला देखणी, चाल सुंदर, पण बँड वाजला की बावरायची. मिरवणुकीच्या घोडीने बावरून कसं चालेल? आमच्याकडे घोड्यांची ही भीती मोडायला लोक हळूहळू आवाजाची सवय लावतात. कुणी थाळी वाजवतो, कुणी ढोलवाल्याच्या शेजारी बांधतो. आप्पांनी गाडीत मोठा अँप्लिफायर आणि दोन वूफर बसवून घेतले, मागच्या सीटखाली जागा करून दुसरी बॅटरी ठेवली, आणि घोडीला डिकीमागे बांधलं. सकाळ-दुपार-संध्याकाळ एकच रेकॉर्डिंग. कुठल्यातरी लग्नाच्या मिरवणुकीत त्यांनी स्वतः मोबाईलवर करून आणलेलं. त्यात मधेच एक माणूस जनरेटरवाल्याला शोधत ओरडतो, “अरे, जनरेटरवाला कथा गया?” त्या ओरडण्याशी घोडीची इतकी ओळख झाली होती की तो आला की ती दोन पावलं पुढे सरकायची. गल्लीतली लहान मुलंही सरकायची.

तर घोडीची भीती मोडली. आप्पा मात्र थांबले नाहीत. कुठे थांबायचं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्या आवाजात ऐकू आलं नसतं. वर्षभरात घोडी आवाजाला एवढी सरावली की तिला शांततेची भीती बसली. आवाज बंद झाला की ती उधळायची नाही, लाथाही झाडायची नाही. फक्त कान उभे करायची आणि जिथून कुठून आवाज येत असेल तिकडे चालायला लागायची. पाठीवर कोण बसलंय याचा ती विचार करत नसे.

म्हणून लग्नवाल्यांना आप्पा घोडी एकटी देत नसत. पुढे गाडी, डिकी उघडी, मागे घोडी, घोडीवर नवरदेव. बँड लावायचा तर लावा, पण तो घोडीच्या हिशेबात नाही, कारण बँडवाले दोन गाण्यांच्या मधे श्वास घेतात.

अडचण एकच होती. अँप्लिफायर मधेच मरायचा.

मी राहायला गेले तो वैशाख होता. आमच्याकडचा वैशाख म्हणजे दुपारी चपलेचा तळवा डांबराला चिकटतो. एका लग्नात मिरवणूक अर्ध्यावर आली आणि अँप्लिफायरवरचा हिरवा दिवा लाल झाला. आवाज गप्प. बँडवाले तेव्हा नेमके सरबत पीत होते. घोडीने कान उभे केले, अंदाज घेतला आणि नवरदेवाला घेऊन शांतपणे बाजूच्या पिठाच्या गिरणीत शिरली. गिरणीवाल्याने घाबरून गिरणी बंद केली असती तर ती बाहेर आली असती, पण त्याला वाटलं नवरदेव पाया पडायला आलाय. त्याने गिरणी चालूच ठेवून आशीर्वाद दिला. नवरदेव बाहेर आला तेव्हा मुंडावळ्यांसकट पांढरा होता.

आप्पांचं निदान ठाम होतं. “त्याले ऊन लागनं.”

ऊन लागलेल्या माणसाला जे करतात ते सगळं त्यांनी अँप्लिफायरला केलं. ओलं गोणपाट पांघरलं. शेजारी पाण्याचा माठ ठेवला. उन्हात जाताना आमच्याकडे खिशात कांदा ठेवतात, तर अँप्लिफायरला खिसा नाही म्हणून त्याच्या पाठीवरच्या पत्र्याच्या कंगोऱ्यांमध्ये कांद्याच्या फोडी बसवल्या. पुढच्या मिरवणुकीत अँप्लिफायर तापला तशा फोडी परतल्या गेल्या आणि गाडीतून फोडणीचा असा काही वास सुटला की वऱ्हाडी नाच सोडून गाडीमागे चालू लागले. त्यांना वाटलं जेवणाची गाडी आली.

त्याच मिरवणुकीत लाल दिवा पुन्हा लागला. या वेळी जवळचा आवाज होता तो पुढच्या चौकातून जाणाऱ्या दुसऱ्या लग्नाचा. घोडी त्या मिरवणुकीत जाऊन मिसळली. आपला नवरदेव खाली उतरायला बघत होता, पण त्या लग्नाच्या मंडळींनी त्याला उतरू दिलं नाही, कारण त्यांचा नवरदेव गाडीत बसून पुढे गेला होता आणि मागच्यांना ते माहीत नव्हतं. मंडपाच्या दारात मुलीच्या आईने पाय धुवायला तांब्या उचलला तेव्हा आतून दुसरा नवरदेव पाणी प्यायला बाहेर आला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. त्या दिवसापासून आप्पांकडे येणारी बोलावणी थांबली.

माईंनी मग ओट्यावरून निकाल दिला. माईंचा आवाज आप्पांच्या वाट्याचाही घेऊन आलेला होता, त्यामुळे तो पलीकडच्या गल्लीतही कळला. “आते परत एकदाव घोडी मधीच थांबनी, का मी तिले जत्रामा इकी टाकसू. मन्हा नावनी शे ती. मन्ही पाटली मोडीसन लयेल शे.”

घोडी खरंच माईंच्या नावावर होती. पाटली मोडून आणलेली असल्यामुळे माईंच्या ‘विकून टाकीन’ला गल्लीत कुणी गंमत समजलं नाही. जत्रा मार्गशीर्षात. एका व्यापाऱ्याने येऊन घोडीचे दातही बघून ठेवले होते.

आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. घोडीच्या पुढ्यात खुर्ची टाकून बसले. आवाज चालू होता, त्यामुळे ते तिला काय सांगत होते ते कुणालाच कळलं नाही. घोडीला कळलं असेल. ती त्यांच्या टोपीचा काठ चावत उभी होती.

आता नाड्याचं सांगते.

आप्पा देवळात जाणारे नव्हते. पण पूजेचा लाल-पिवळा नाडा त्यांच्या खिशात कायम असायचा. कारण विचारलं तर म्हणत, “बांधेल वस्तू सोडीसन जात नही.” मोटारपंपाला नाडा, शिलाई मशीनला नाडा, घोडीच्या पायात, पिठाच्या डब्याला, पंख्याच्या रेग्युलेटरला नाडा. माई एकदा वाती वळता वळता सहज बोलून गेल्या की मुलगा सुरतेला नोकरीला निघाला तेव्हा घाईत त्याच्या बॅगेला बांधायचा राहिला, आणि तो तिकडचाच झाला. तेव्हापासून हे वाढलं.

दसऱ्याला ते माझ्या दारात आले. “मॅडम, तुम्हनं हत्यार?” मी माझा लॅपटॉप, पेन आणि चार्जर पुढे केले. पेनला त्यांनी टोपणाखाली बांधलं. लॅपटॉपभोवती राखीसारखं. चार्जरला कुठे बांधावं याचा बराच विचार करून त्यांनी पिनेच्या दोन पायांभोवती नाडा गुंडाळला आणि घट्ट गाठ मारली. “जठेन जीव मजार जास, तठेच बांधाना,” ते समाधानाने म्हणाले. जिथून जीव आत जातो, तिथेच बांधायचा.

संध्याकाळी मी चार्जर भिंतीत घालायला गेले. तो आत जाईना. जेमतेम टोकं टेकली, लॅपटॉपवरचा दिवा लागला, विझला, लागला, आणि प्लगमधून चुरचुर आवाज आला. पीन काढून हात लावला तर गरम. मी पलंगावर बसून ती गाठ उलटसुलट करून बघितली.

दुसऱ्या दिवशी आप्पा शेतावर गेल्यावर मी गाडीच्या मागच्या सीटखाली वाकून बघितलं. बॅटरीच्या टर्मिनलवर अँप्लिफायरची जाड वायर होती. वायरच्या टोकाची तांब्याची कडी बोल्टमध्ये घातलेली, वर नट. आणि कडी आणि टर्मिनलच्या मधे, बोल्टभोवती, नाड्याचे थरावर थर. तळाचे काळे पडलेले, वरचे ताजे. नट त्यांच्यावर टोपीसारखा तरंगत होता. वायरचं वरचं प्लास्टिक वितळून मेणासारखं ओघळलं होतं. मी कडी बोटाने हलवून बघितली. हलली.

म्हणजे ही बॅटरी बसवली तेव्हा एक नाडा बांधला. त्याने नट ढिला बसला. वीज अडखळत आत जायला लागली, अँप्लिफायर धापा टाकत चालला आणि तापून जळाला. तो दुरुस्त करून आणला आणि पुन्हा जळू नये म्हणून आणखी एक नाडा बांधला. त्याने नट आणखी ढिला झाला.

दुरुस्ती शहाद्याचा मिस्त्री करायचा. बस स्टँडसमोर त्याचं दुकान. गोड बोलणारा, अत्तर लावणारा माणूस, स्वतःला अँप्लिफायरचा हकीम म्हणवायचा. मला शहाद्याच्या शाखेत काम होतं म्हणून मी एकदा आप्पांबरोबर गेले. मिस्त्रीने जळालेले सुटे भाग बदलले होते आणि अँप्लिफायर त्याच्या टेबलावर जोरात वाजत होता.

“आप्पा, मेरे टेबल पे सुबह से गा रहा है. हात लगाओ, थंडा है. आपके यहाँ जाके क्या होता है, अल्ला जाने.”

“ऊन लागस त्याले,” आप्पा पुटपुटले.

“लगता होगा, लगता होगा,” मिस्त्री वाकून म्हणाला.

आप्पा समोरून कांदे घ्यायला गेले. मिस्त्रीने लगेच आवाज बंद केला आणि माझ्याकडे वळला. “मॅडम, आप पढीलिखी हो. आप बोलो ना उनको.”

“काय?”

“अब काय क्या! वो जो बांधके रखा है, उसके नीचे नट बैठताच नही. गरम वहाँ होता है, जलता यहाँ है.”

“तुम्हाला माहीत आहे, तर तुम्हीच सांगा ना,” मी म्हणाले. माझ्या मानाने हे बरंच लांब वाक्य होतं.

त्याने कानाच्या पाळ्या पकडल्या. “मैं? मैं पूजा का धागा काटू? मॅडम, मेरी दुकान स्टँड के सामने है. सौ लोग देखते है. आप्पा को तो कुछ नही लगेगा, आप्पा सोना आदमी है. पर देखनेवाले आप्पा नही है ना.”

मी स्टँडकडे बघितलं. शंभर तरी असतील.

“आपका क्या जाता है? आप तो घर की हो,” तो म्हणाला. एवढ्यात आप्पा कांदे घेऊन आले आणि मिस्त्रीने घाईने आवाज वाढवला.

मी सांगायचा प्रयत्न केला. वाक्य तयार केलं, जिन्यात पाठ केलं: आप्पा, तो नाडा काढून नट घट्ट केला तर बरं होईल. खाली गेले, आप्पांच्या शेजारी उभी राहिले आणि म्हटलं. आप्पा वाकले नाहीत, कारण वाकायची सवय इतरांना होती, त्यांना नव्हती. ते माझ्याकडे बघून हसले आणि पुटपुटत काहीतरी म्हणाले. मी वाकले, पण तोवर त्यांचं बोलून झालं होतं. असं आणखी एकदा झालं. तिसऱ्यांदा मी चिठ्ठी लिहायचा विचार केला, पण आप्पांचा चष्मा घोडीने तुडवलेला होता.

कार्तिक आला, थंडी पडली. तुळशीची लग्नं झाली आणि धानोऱ्याच्या माझ्या मामाच्या मुलाचं लग्न ठरलं. मुलगी तापीकाठच्या प्रकाशा गावची. मामाने घोडी आप्पांचीच सांगितली. दुसरी घोडी मिळाली नाही आणि आप्पांची कुणी घेत नव्हतं. माईंनी मामाकडे बघितलं, मग आप्पांकडे. “हाईच लगीन. हाऊ पार पडना ते ऱ्हाई. नही ते जत्रा.”

“आता उन्हाची भीती नाही,” मामा धीर देत म्हणाला.

“मजारलं शे ना,” आप्पा म्हणाले. मामा वाकला. “वैशाखनं ऊन. अजून त्याना आंगमा शे. साची ऱ्हायेल शे.”

साठलेलं ऊन. म्हणून कांदे कायम राहिले.

मिरवणुकीच्या दिवशी आप्पांनी मिस्त्रीला मुद्दाम बोलावून घेतलं. आणि मला गाडीच्या मागच्या सीटवर बसवलं. मलाही ते बरं वाटलं, कारण मामी मला नाचायला ओढायच्या तयारीत होती. “मॅडम, तुम्हनं एकच काम. दिवा लाल व्हयना का माले सांगाना.” आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यावर ओरडण्याची जबाबदारी टाकली होती, आणि ते आप्पा होते.

प्रकाशाच्या गल्लीत मिरवणूक शिरली. पुढे गाडी, मागे घोडी, घोडीवर माझा मामेभाऊ, त्याच्यामागे नाचणारं अख्खं धानोरं. गर्दी जमलेली. पेल्यातला थेंब उडून पेल्यातच पडत होता. आप्पा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून आरशात फक्त घोडीकडे बघत होते. मला त्यांचे डोळे दिसत होते. मुलाला शाळेच्या स्टेजवर बघणाऱ्या बापाचे असतात तसे.

मग माझ्या पायाशी चुरचुर सुरू झाली. वास आला, आधी कांद्याचा, नंतर जळक्या सुताचा. टर्मिनलवरच्या नाड्याची कड लाल होत होती.

“आप्पा,” मी म्हणाले.

दिवा लाल झाला.

“आप्पा!” मी म्हणाले, आणि त्याच क्षणी आवाज मेला.

एवढ्या आवाजानंतरची शांतता कानात दुखते. नाचणारे हात वर करून थांबले. सगळ्यांनी एकदम घोडीकडे बघितलं. घोडीने कान उभे केले. दूर, तापीच्या घाटावर, देवळाच्या स्पीकरवर काहीतरी चालू होतं. घोडी वळली आणि घाटाच्या दिशेने चालू लागली.

“आप्पा, तिकडे पायऱ्या शेतस!” वरून माझा भाऊ ओरडला. “पायऱ्या उतरी जाई ना ती!”

मिस्त्री पक्कड घेऊन धावत आला, सीटखाली वाकला, नाड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि फ्यूज काढून फुंकर मारून परत बसवला. “मेरी तरफ से सब ठीक है,” तो म्हणाला.

आप्पा खाली उतरले होते. त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि नाड्याची नवी गुंडी बाहेर काढली. दाताने तोडून एक धागा घेतला आणि ते सीटखाली वाकले. टर्मिनलवर आणखी एक बांधायला.

“बांधू नका!”

हे कोण ओरडलं ते मला आधी कळलंच नाही. अख्खी मिरवणूक माझ्याकडे बघत होती.

“आप्पा, बांधू नका! आहेत तेही काढा! त्या नाड्यांमुळेच नट बसत नाही! आधी नट घट्ट करा, मग वरून पाहिजे तेवढे बांधा!”

आप्पा हातातला धागा तसाच धरून मागे वळले. मिस्त्रीने मात्र क्षणही घालवला नाही. “सुना सबने? मॅडमने बोला है,” त्याने गर्दीला हात जोडून सांगितलं, “मैंने नही बोला,” आणि पक्कड घेऊन तो सीटखाली गेला.

तेवढ्यात मामा म्हणाला, “देख, घोडी देख!”

घोडी थांबली होती. कान माझ्याकडे वळवून. मी गप्प झाले, तशी ती पुन्हा घाटाकडे बघायला लागली.

“ताई, बोलत राहा!” घोडीवरून माझा भाऊ कळवळला. “कायबी बोल!”

मला बोलायला काही सुचेना. मग आमच्या शाखेचा वॉचमन दिवसभर जे ओरडायचा आणि मी काचेमागून ऐकायचे, तेच तोंडातून निघालं. “सगळ्यांनी रांगेत उभं राहा! आधार कार्डाची झेरॉक्स जोडा! पासबुक भरायचं असेल त्यांनी दुसऱ्या खिडकीवर जा! अंगठा पुसून परत ठेवा!” मी गाडीतून उतरले आणि मंडपाच्या दिशेने उलटी चालू लागले. घोडी माझ्यामागे आली. “सर्व्हर डाऊन आहे, उद्या या! ओरडू नका, मीही माणूस आहे!” हे शेवटचं वॉचमनचं नव्हतं. मागे दोन म्हाताऱ्या खरंच रांगेत उभ्या राहिल्या.

इकडे मिस्त्री एकेक धागा तोडून काढत होता आणि आप्पा तो ओंजळीत घेत होते. माझ्या आरोळ्यांच्या मधून मला तुकडे ऐकू येत होते. “हाऊ गिरणीना टाईमना… हाऊ दुसरा लगीनना… हाऊ पहिला, बॅटरी बसाडी तवयना.” मग नटावर पकडीची करकर झाली. आणि आवाज आला.

तो आवाज मी वैशाखापासून ऐकत होते, पण असा कधीच ऐकला नव्हता. भरलेला, स्वच्छ, कुठेही न अडखळणारा. टपावरचा पेला उडून गटारात पडला. घोडीने मान खाली घातली, शेपूट हलवली आणि गाडीमागे चालू लागली, जणू मधे काही घडलंच नव्हतं. आप्पा ओंजळीतल्या जळक्या धाग्यांची मूठ वळून गाडीशेजारून चालत होते. गाडी मिस्त्री चालवत होता.

मंडपाच्या दारात माई उभ्या होत्या. बातमी त्यांच्यापर्यंत फोनवरून आधीच पोचली होती. “मधीच थांबनी म्हने? घाटकडे गयी म्हने?” त्यांनी आप्पांना विचारलं. आप्पांचे ओठ हलले. काहीतरी सांगत होते बहुतेक. त्यांची नजर घोडीवर होती. मामाने जमिनीकडे बघितलं. मिस्त्री गाडीतून उतरलाच नाही.

मग माई माझ्याकडे वळल्या. “मॅडम, तू सांग. तू खोटं बोलस नही, कारन तू बोलसच नही. घोडी थांबनी का नही?”

मागे वूफर ठोकत होते. माझा घसा बसला होता. आप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली, गाडीच्या टपावर हात ठेवला. ती गाडी त्यांना किती प्रिय होती ते मला माहीत होतं. मला माझं पुस्तकी मराठी आठवेना. जे आलं ते धानोऱ्याचं आलं, आणि वूफरपेक्षा मोठ्याने आलं.

“घोडी नही थांबनी, माई! गाडी थांबनी! इकनी व्हई ते गाडी इका!”